पंधरा वर्षांचा पुरावा कुठून आणायचा?

दर रविवारी वंदना झाली की विहाराच्या ओट्यावर आम्ही एक टेबल मांडतो. महिला मंडळाच्या दोघीतिघी, मोबाईलवर फॉर्म भरणारी एक कॉलेजची पोरगी आणि मी. रेशनकार्डात नाव चढवणं, उत्पन्नाचा दाखला, निराधारचा अर्ज, अपंगत्वाचं कार्ड, असली कामं. सतरा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, त्यामुळे वस्तीत मला अजून सगळे सिस्टरच म्हणतात. नोकरी सुटली तरी ते नाव सुटलं नाही, आणि सुटावं असं मलाही वाटत नाही.

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी एक बाई रांगेत उभ्या होत्या. तिशीच्या आतबाहेर. जयभीम म्हणाल्या, खुर्चीवर टेकल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढायला लागल्या. मराठी बोलत होत्या, पण कानडी वळणाचं. मूळ कलबुर्गीकडच्या. मी त्यांच्या कागदांना हात घातला तसे मागून आमच्याच वस्तीतले एक काका म्हणाले, "सिस्टर, आधी आपल्या माणसांचं बघा. बाहेरच्यांचं त्यांचं सरकार बघेल."

काका वाईट मनाचे नाहीत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला पाण्याचे पिंप तेच भरून ठेवतात. पण त्यांचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना, कारण तेच वाक्य मी महिनाभर आधी एका कचेरीच्या खिडकीवर ऐकलं होतं, फक्त सरकारी भाषेत. म्हणून या वेळचं आरोग्याचं पान मी ताप-खोकल्यावर न लिहिता या वाक्यावर लिहिते आहे.

त्या बाईंचा नवरा नऊ वर्षांपूर्वी पुण्यात आला. सकाळी मजूर अड्ड्यावर उभं राहायचं आणि मिळेल तिथं सेंट्रिंगचं काम करायचं. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून तो खाली पडला. मणका मोडला. कमरेखाली आता काही जाणवत नाही, लघवी-संडासवर ताबा नाही. मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेले तेव्हा माकडहाडावर माझी मूठ मावेल एवढी जखम होती. अशा रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे आम्हाला डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. वॉर्डात ते होतं, कारण तिथं पाळीपाळीने माणसं असतात. खोलीत कोण बदलणार? बाई सकाळी सातला चार घरची धुणीभांडी करायला जातात, त्या एकला परत येतात. सहा तास माणूस एकाच अंगावर पडून. मलम कितीही लावा, अशी जखम भरत नाही. ती वाढते ती घरात दुसरं माणूस नसल्यामुळे. शिवाय लघवीची नळी, पिशवी, पट्टीचं सामान, डायपर, सगळं विकतचं. महिन्याला अडीच हजार हातात आले तर या बाई चारातली दोन घरं सोडू शकतात आणि दहाला घरी येऊ शकतात. पेन्शनचा आणि माकडहाडावरच्या जखमेचा संबंध इतका सरळ आहे. आरोग्याच्या पानावर हे कशाला, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी एकदा माझ्याबरोबर ती पट्टी सोडायला यावं.

आता कागदाचं बघू. या माणसाकडे अपंगत्वाचं निळं कार्ड आहे. (अपंग नको, दिव्यांग म्हणा, असं आता सांगतात. शब्द बदलला, खिडकी तीच राहिली, म्हणून मी दोन्ही शब्द वापरते.) पांढरं कार्ड ४० टक्क्यांच्या आत, पिवळं ४० ते ८०, आणि निळं ८० किंवा त्याहून जास्त. दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र सगळ्या देशात चालेल असं त्या कायद्यातच लिहिलेलं आहे. म्हणजे कलबुर्गीत काढा नाहीतर पुण्यात काढा, मोडलेला मणका दोन्हीकडे मोडलेलाच धरला जातो.

पण पैसे देणारी योजना राज्याची. संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या वस्तीत लहान पोरालाही माहीत आहे. १९८० पासून चालू आहे. विधवा, परित्यक्ता, निराधार, दुर्धर आजाराचे रुग्ण आणि ४० टक्क्यांच्या वरचे अपंग यांच्यासाठी ती आहे. महिन्याला १,५०० रुपये, आणि अपंगांना २०२५ पासून २,५००. वय ६५ च्या आत हवं. पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना. घराचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत, अपंगांसाठी ५०,००० च्या आत. २१,००० म्हणजे दिवसाला ५७ रुपये, तेही सगळ्या घराचे. यात कोण जगतं हे मला अजून कळलेलं नाही; पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. आजचा विषय आहे पुढची अट. अर्जदार किमान १५ वर्षं महाराष्ट्राचा रहिवासी असला पाहिजे. श्रावणबाळलाही तीच अट.

बाईंचा अर्ज परत आला तेव्हा त्यावर 'रहिवास अपूर्ण' एवढंच लिहिलेलं होतं. मी त्यांना नियम समजावून सांगितला. त्यांनी बोटांवर हिशेब केला आणि विचारलं, "म्हणजे सिस्टर, अजून सहा वर्षं हे असेच राहिले तर मिळतील का?"

नियमाप्रमाणे उत्तर 'हो' असं आहे. नर्स म्हणून माझं उत्तर वेगळं आहे, ते मी त्यांना सांगितलं नाही. मणका मोडलेला माणूस उघड्या जखमेवर किती दिवस काढतो, जंतू रक्तात उतरले की काय होतं, हे मी पाहिलेलं आहे. मणका इथंच मोडला, महाराष्ट्रातल्या इमारतीवर. तो परांचीवर चढला त्या दिवशी रहिवासाचा दाखला कुणी विचारला नव्हता.

मग त्याने गावी जाऊन तिकडची पेन्शन का घेऊ नये? काकांनी हेच विचारलं. घेता येईल, पण त्यासाठी माणसाला तिकडेच राहावं लागेल. अशा पेन्शनीला माणूस जिवंत आहे का आणि त्या जागी राहतो का, याची पडताळणी वरचेवर होत असते. गावात त्यांचं घर पडलं आहे, आई-बाप नाहीत. उपचार इथल्या सरकारी रुग्णालयात चालू आहेत, पोरगा इथल्या शाळेत आहे, बाईचं काम इथं आहे. केंद्राची इंदिरा गांधी अपंग पेन्शन आहे, ८० टक्क्यांच्या वरच्यांसाठी, पण तिला दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव लागतं आणि यादीतलं नाव गावाला बांधलेलं. शिवाय केंद्राचा त्यातला वाटा ३०० रुपये. २०१२ पासून तेवढाच.

'आपली माणसं' म्हणजे कोण, हे दाखवायला मी काकांसमोर दुसरी फाईल ठेवली. ही बाई आपलीच, बौद्ध, यवतमाळ जिल्ह्यातली. शाळा सातवीपर्यंत गावातच. एकोणिसाव्या वर्षी लग्न करून सुरतला गेली. नवरा लूमवर, ही घरी साडीला खडे चिकटवायची. बारा वर्षं तिकडे काढली. नवरा वारला, तशी भावाकडे इकडे पुण्यात आली. तिला सिकलसेल आहे. आपल्या विदर्भातल्या समाजाला हा आजार नवा नाही. कुणाच्या घरी वाहक आहे, कुणाच्या घरी रुग्ण. या आजारात रक्तपुरवठा अडून खुब्याचं हाड मरतं, तसं तिचं डाव्या बाजूचं मेलेलं आहे. काठी घेऊन चालते. १९९५ च्या जुन्या अपंग कायद्यात सातच प्रकार होते, त्यात रक्ताचे आजार नव्हते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आत आले. तेव्हा तिला पिवळं कार्ड मिळालं. मग आम्ही निराधारचा अर्ज भरला. खिडकीवरच्या साहेबांनी आधारकार्ड उलटंसुलटं केलं आणि म्हणाले, "या तर गुजरातच्या. गुजरात सरकार बघेल."

तिकडे बारा वर्षं तिला 'महाराष्ट्रवाली' म्हणत होते.

काका गप्प झाले. त्यांच्या घरातली दोन माणसं आज सुरतला आहेत, हे मला माहीत होतं. खरं सांगायचं तर मी ती फाईल त्यासाठीच काढली होती.

या बाईचं काम पुढं झालं. योजनेच्या माहितीपत्रकात 'किमान १५ वर्षं महाराष्ट्राचा रहिवासी' एवढंच वाचायला मिळतं. सलग असावीत, शेवटचीच असावीत, हे खिडकीवरचा माणूस मनाने धरून चालतो. आम्ही तिचा जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला आणि लग्नाआधीच्या रेशनकार्डाची नक्कल गावाहून मागवली, एकोणीस वर्षांचा हिशेब कागदावर मांडला आणि अर्ज पुन्हा दिला. पाच महिन्यांनी मंजूर झाला. म्हणून सांगते, बाहेर जाऊन परत आलेल्या घरांनी नुसतं तोंडी 'नाही' ऐकून मागं फिरू नये. नकार लेखी मागा.

वस्तीतल्या माणसाकडे कागद नसतात, हे कचेरीला कळत नाही असं नाही. भाड्याच्या खोलीचा करार मालक करून देत नाही. वीजबिल मालकाच्या नावावर. झोपडी तुटली की कागद ढिगाऱ्यात जातात, पाणी शिरलं की पेटीत भिजतात. झोपडीच्या पुराव्यासाठी आपण १ जानेवारी २००० आणि नंतर १ जानेवारी २०११ या तारखा पाठ केल्या. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा शोधत आजोबांच्या शाळेपर्यंत गेलो. आपला जन्म तारखांच्या मागे पळण्यातच जातो. पंधरा वर्षांची अट वरवर परप्रांतीयांसाठी दिसते. प्रत्यक्षात तिच्यात पहिला अडकतो तो इथला, पण कागद नसलेला माणूस.

आणि सरकारला मनावर घेतलं तर ही अट किती पटकन सैल करता येते, ते आपण २०२४ मध्ये पाहिलं. लाडकी बहीण योजना आली तेव्हा आधी अधिवासाचा दाखला मागितला होता. सेतू केंद्रांवर रांगा लागल्या, ओरड झाली, आणि जुलै महिन्यातच सरकारने सांगितलं की १५ वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, यातलं काहीही चालेल. परराज्यात जन्मलेल्या बाईने इथल्या माणसाशी लग्न केलं असेल तर नवऱ्याचे कागद चालतील. उत्पन्नाची मर्यादा? अडीच लाख. मला त्या बहिणींचा हेवा नाही, माझ्या दोन्ही जावांना पैसे मिळाले आहेत. पण जे धडधाकट बाईसाठी महिन्याभरात होतं ते अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी इतक्या वर्षांत का होत नाही? अंथरुणाला खिळलेला माणूस मोर्चाला येत नाही, मला तरी दुसरं उत्तर सापडत नाही.

दुसरं उदाहरण रेशनचं. एक देश एक रेशनकार्ड ही योजना ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा पहिल्या दोन जोड्यांत एक जोडी आंध्र-तेलंगणाची होती आणि दुसरी महाराष्ट्र-गुजरातची. आपलं कार्ड सुरतला चालू लागलं, तिकडचं इथं. पुढं कोरोनात मजूर पायी निघाले ते सगळ्या जगाने पाहिलं. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या राज्यांनाही मुदत घालून दिली, आणि २०२२ पर्यंत सगळी राज्यं त्यात आली. कलबुर्गीचं ते कुटुंब आज आपल्याच दुकानातून तांदूळ उचलतं. अंगठा लावला की यंत्राला कळतं हा माणूस कोण. तोच अंगठा, तोच माणूस, पण पेन्शनच्या खिडकीवर तो परका.

आमच्या अभ्यासवर्गात एक वकील ताई येतात. त्यांच्यापुढं मी हे गाऱ्हाणं मांडलं तेव्हा त्यांनी मला बाबासाहेबांचं संविधान सभेतलं ४ नोव्हेंबर १९४८ चं भाषण वाचायला लावलं. मसुदा मांडतानाचं ते भाषण आपल्यापैकी पुष्कळांनी वाचलेलं असेल. त्यात बाबासाहेब अमेरिकेच्या आणि आपल्या संविधानातला फरक समजावून सांगतात. अमेरिकेत देशाचं एक आणि राज्याचं एक असं दुहेरी नागरिकत्व आहे, त्यामुळे तिथली राज्यं काही बाबतींत आपल्या रहिवाशांना झुकतं माप देऊ शकतात आणि बाहेरून आलेल्यांवर जास्त कडक अटी लावू शकतात. भारतात मात्र राज्यं अनेक असली तरी नागरिकत्व एकच, आणि कुठल्याही राज्यात राहणाऱ्या भारतीयाचे नागरिक म्हणून हक्क सारखे. मांडणी अशी होती. आणि मांडणारा माणूस महूला जन्मलेला, मुंबईत वाढलेला आणि संविधान सभेवर पहिल्यांदा बंगालमधून निवडून गेलेला होता. 'बाहेरचा' हा शब्द त्यांच्यापुढं उच्चारायची कुणाची टाप होती?

मग मी ताईंना विचारलं, त्या अमेरिकेचं पुढं काय झालं? त्यांनी दोन खटले सांगितले.

पहिला १९६९ चा. व्हिव्हियन थॉम्पसन नावाची एकोणीस वर्षांची मुलगी, पदरात एक मूल आणि दुसरं पोटात, मॅसॅच्युसेट्समधून कनेक्टिकट राज्यात आईकडे राहायला आली. तिला मदत नाकारली, कारण राज्यात येऊन एक वर्ष झालं नव्हतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. गरिबांनी आपल्या राज्यात येऊ नये म्हणून मदत रोखून धरणं हा कायदेशीर हेतूच होऊ शकत नाही, असा त्याचा अर्थ. अट किती वर्षांची होती? एका वर्षाची!

दुसरा खटला १९७१ चा, आणि तो ऐकून मी वही काढली. कारमेन रिचर्डसन ही मेक्सिकोची नागरिक. १९५६ मध्ये रीतसर परवान्यावर अमेरिकेत आली आणि ॲरिझोना राज्यात राहिली. चौसष्टाव्या वर्षी ती कायमची, पूर्ण अपंग झाली होती. अपंगांसाठीच्या मदतीला तिने अर्ज केला तर उत्तर आलं, एकतर अमेरिकेची नागरिक असायला हवं, नाहीतर अमेरिकेत १५ वर्षांचा रहिवास हवा. तिला तेरा झाली होती. ती कोर्टात गेली. न्यायालयाने सांगितलं की परदेशी माणूसही कर भरतो, त्याला सैन्यातही बोलावलं जातं, तेव्हा पैसे वाचवायचे आहेत म्हणून त्याला वगळता येणार नाही. पंधरा वर्षांची अट मोडीत निघाली.

तिच्या तेरा वर्षांत आणि आपल्या माणसाच्या नऊ वर्षांत काय फरक आहे? तिच्यापुढं निदान एक पळवाट होती, नागरिक व्हायची. आपला माणूस नागरिकच आहे. तरी त्याला परदेशी बाईला लावलेलीच अट लागते, आणि तीही पन्नास वर्षांपूर्वी तिकडे रद्द झालेली.

अमेरिका फार चांगली असं मला म्हणायचं नाही. १९७१ चा निकाल राज्यांना बांधून होता, मध्यवर्ती सरकारला नव्हे. पुढं १९७४ पासून अपंग, अंध आणि गरीब म्हाताऱ्यांची मदत मध्यवर्ती सरकारने स्वतःकडे घेतली. २२ ऑगस्ट १९९६ ला क्लिंटन यांनी सही केलेल्या कायद्याने नागरिक नसलेल्या बहुतेकांना त्यातून बाहेर काढलं. निर्वासितांना सात वर्षांपुरतंच. ग्रीनकार्ड असलेल्यांपैकी त्या तारखेनंतर आलेल्यांना साधारण पाच वर्षांचा वास्तव्यकाळ, वर दहा वर्षांच्या कामाची नोंद हवी. आपल्यातलीही काही पोरं आता तिकडे आहेत. त्यांनी म्हातारपणी आई-बापाला नेलं, तर साठीत गेलेली आई दहा वर्षांचं काम कुठून दाखवणार? माणूस कुठेही गेला तरी खिडकीवर त्याला 'तू कधी आलास' हेच आधी विचारतात. 'तुला काय होतंय' हे नंतर.

आपल्याकडच्या कोर्टांचा हिशेब थोडा वेगळा आहे, तेही लपवायला नको. संविधानाचं कलम १५ जन्मस्थानावरून भेदभाव करायला मनाई करतं. पण जन्मस्थान वेगळं आणि रहिवास वेगळा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच म्हटलेलं आहे. त्या फटीतून अशा अटी येतात. आपल्या जातीच्या दाखल्याचंही तसंच. १९९० मध्ये बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, आणि त्याच वर्षी न्यायालयाने एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात ठरवलं की आंध्रातून महाराष्ट्रात आलेल्याला तिकडच्या दाखल्यावर इथं आरक्षण मिळणार नाही. २०१८ मध्ये ते पुन्हा पक्कं झालं. मागासलेपण राज्यागणिक वेगळं असतं, असं त्यामागचं कारण. आरक्षणापुरतं ते कुणाला पटेल, कुणाला नाही पटणार. पण मणका कर्नाटकात एका तऱ्हेने आणि महाराष्ट्रात दुसऱ्या तऱ्हेने मोडत नाही. खुब्याचं हाड गुजरातेत जास्त टिकाऊ नसतं.

"अट काढली तर सगळा देश इथं येईल," असं मला एका शिकलेल्या माणसाने सांगितलं. अडीच हजार रुपयांसाठी? पुण्यात त्यात खोलीचं भाडंही भागत नाही. माणूस कामासाठी येतो, आणि धडधाकट येतो. अपंग तो इथं आल्यावर होतो. "पैसा राज्याचा आहे," असंही म्हणतात. साबण, तेल, चप्पल घेताना तो जो कर भरतो तो कुणाच्या तिजोरीत जातो? दोन राज्यांत दोन पेन्शनी घेतील ही भीती मात्र मला मान्य आहे. पण निळ्या-पिवळ्या कार्डावर एका माणसाला देशभरात एकच क्रमांक असतो. तो तपासला की दोनदा घेणारा सापडतो. त्यासाठी पंधरा वर्षं थांबवायची गरज नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. अपंगांसाठी, निदान पिवळ्या आणि निळ्या कार्डासाठी, रहिवासाच्या वर्षांची अट काढून टाका. आज इथं राहतो, एवढा पुरावा पुरे. आणि हे मागणं आपल्या संघटनांनी फक्त बौद्धांसाठी मागू नये. आमच्या मागच्या गल्लीत बिहारहून आलेली एक मुस्लिम आजी आहे, तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. तिचंही नाव त्या निवेदनात आहे. काकांनी त्यावर सही केली. थोडं कुरकुरत केली, पण केली.

अट निघेल तेव्हा निघेल. तोपर्यंत घरात एक काम करा. बांधकामावर जाणारं कुणी असेल तर बांधकाम कामगार मंडळात त्याची नोंद आजच करा. वय १८ ते ६० आणि गेल्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला, एवढं लागतं. तिथं पंधरा वर्षं विचारत नाहीत. ते मंडळ बांधकामाच्या खर्चावर घेतलेल्या उपकरातून चालतं, अपघातात अपंगत्व आलं तर तिथून मदत मिळते. पण नोंद अपघाताच्या आधीची हवी. आपल्या या माणसाची नव्हती. मुकादमाने नव्वद दिवसांचा दाखला दिला नाही, आणि त्याने दुसऱ्यांदा मागितला नाही. अपंगत्वाच्या कार्डासाठीही गावी पळू नका. ज्या सरकारी रुग्णालयात उपचार चालू आहेत तिथंही अर्ज करता येतो. आणि नव्या जागी राहायला आलात की पहिल्या महिन्यापासूनचे कागद जपा. पोराच्या शाळेची पावती, लसीकरणाचं कार्ड, दवाखान्याचा केसपेपर. तारीख असलेला कुठलाही कागद फेकू नका. आमच्याकडे एका बाईचा रहिवास बाळंतपणाच्या केसपेपरवर सिद्ध झाला आहे.

कलबुर्गीच्या त्या बाईंचा अर्ज आम्ही पुन्हा दिला आहे, सोबत वकील ताईंनी लिहिलेलं निवेदन लावून. आवक शिक्का मिळाला. समितीची बैठक कधी, ते विचारायला मी तीनदा गेले. तारीख अजून कळलेली नाही. शेजारच्या खोलीतल्या आजी आता सकाळी नऊला येऊन कूस बदलून देतात, मी त्यांना चादर धरून कसं वळवायचं ते शिकवलं. अकराची पाळी अजून कुणाकडे नाही. जखम थोडी उथळ झाली आहे.